समुद्रात टाकलेल्या अणुकचऱ्याची खुली नोंदवही: ‘मॅरिस’ या माहितीसेवेचे परीक्षण

अणुकचरा समुद्रात टाकण्याची सुरुवात १९४६ साली, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर झाली आणि १९९३ साली रशियाने जपानच्या समुद्रात द्रवरूप कचरा सोडल्यावर जो गदारोळ झाला, त्यानंतरच जगाने या प्रकारावर संपूर्ण बंदी घातली. मधल्या काळात डझनाहून अधिक देशांनी ऐंशीहून अधिक ठिकाणी मिळून सुमारे ८५ पेटाबेकरेल इतका किरणोत्सार समुद्राच्या स्वाधीन केला. दर सेकंदाला एका अणुकेंद्राचे विघटन म्हणजे एक बेकरेल आणि पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्ये, हे ध्यानात घेतले की त्या आकड्याचा आवाका कळतो. कचरा टाकणाऱ्यांच्या यादीत भारत नाही. तरीही समुद्राला कुंपण नसते, आणि हा कचरा भरून टाकलेल्या पिंपांचे पुढे काय झाले हा प्रश्न मासे खाणाऱ्या कोणत्याही माणसाने विचारावा इतका रास्त आहे.

हा प्रश्न कोणा मध्यस्थाशिवाय विचारता यावा अशी एक जागा आहे आणि तिचेच हे परीक्षण आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची ‘मॅरिस’, म्हणजे सागरी किरणोत्साराची माहिती प्रणाली, ही इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली असलेली सेवा आहे. तिचा कारभार मोनॅको येथील सागरी पर्यावरण प्रयोगशाळांकडे आहे. १९६१ पासून तेथे याच विषयावर काम चालले आहे. जगभरच्या प्रयोगशाळांनी समुद्राचे पाणी, तळाचा गाळ, पाण्यात तरंगणारे कण आणि सागरी जीव यांमध्ये मोजलेले किरणोत्सारी समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण येथे ठिकाण, तारीख आणि खोली यांसह नोंदलेले आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि अणुकचऱ्याचा विषय निघाला की विद्यार्थ्यांना पहिल्यांदा याच नकाशासमोर बसवतो, कारण वर्तमानपत्रांतील मथळे वाचून झालेली मते, मग ती घाबरलेली असोत वा निर्धास्त, येथे आकड्यांवर घासून पाहता येतात.

वापरायला सेवा सोपी आहे. नकाशावर हवा तो भाग निवडावा, समस्थानिक निवडावा, पाणी हवे की गाळ की मासे ते सांगावे, काळाची मर्यादा घालावी आणि जुळणाऱ्या नोंदी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घ्याव्यात. प्रत्येक नोंदीला मूळ अभ्यासाचा संदर्भ जोडलेला असतो आणि माझ्या मते हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. आकडा कोणी, कोठे, केव्हा मोजला हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नसते.

प्रत्यक्ष उपयोग कसा होतो हे एका ठिकाणाच्या आधारे सांगतो. ईशान्य अटलांटिकमध्ये ४५ अंश ५० मिनिटे ते ४६ अंश १० मिनिटे उत्तर आणि १६ अंश ते १७ अंश ३० मिनिटे पश्चिम असा एक आयत आहे. खोली चार हजार मीटरहून अधिक. ब्रिटन, बेल्जियम, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स यांसारख्या देशांनी आपला कचरा येथे आणि आसपासच्या क्षेत्रांत टाकला. १९४९ ते १९८२ या काळात ईशान्य अटलांटिकमध्ये दोन लाखांहून अधिक पिंपे टाकली गेली, त्यांतील एकूण किरणोत्सार सुमारे ४२ पेटाबेकरेल होता आणि त्याचा बहुतांश वाटा एकट्या ब्रिटनचा होता. काँक्रीट किंवा डांबरात घट्ट केलेला कचरा लोखंडी पिंपात भरलेला असे. ही पिंपे तळाशी पोहोचेपर्यंत फुटू नयेत एवढीच अपेक्षा होती. ती शतकानुशतके टिकतील असा दावा ती बनवणाऱ्यांनीही केला नव्हता. पिंप कालांतराने गंजेल, आतला पदार्थ हळूहळू झिरपेल आणि अफाट पाण्यात विरून जाईल, हे त्या धोरणाचे गृहीतकच होते. म्हणून येथे देखरेख करताना गळती होते की नाही हा प्रश्न पुरेसा नाही. किती होते, कोणत्या समस्थानिकाची होते आणि ती अन्नसाखळीत कोठवर चढते, हे विचारावे लागते.

या आयतासाठी सिझियम-१३७ मागवले तर आकडे पाहून नवशिक्या माणसाचा गोंधळ उडतो, कारण सिझियम तर प्रत्येक महासागरात सापडते. १९५० आणि १९६० च्या दशकांत वातावरणात केलेल्या अण्वस्त्र चाचण्यांची धूळ साऱ्या पृथ्वीवर पडली. तिच्यातील सिझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे ३० वर्षे असल्याने ते अजून पुरते संपलेले नाही. आज खुल्या महासागराच्या पृष्ठभागी एका घनमीटर पाण्यात साधारण एक-दोन बेकरेल सिझियम असते. तुलनेसाठी, त्याच घनमीटरात निसर्गतः असलेल्या पोटॅशियम-४० चा किरणोत्सार सुमारे १२ हजार बेकरेल असतो. म्हणजे सिझियम सापडले एवढ्यावरून पिंप गळते आहे असे म्हणता येत नाही आणि सिझियम वाढलेले दिसले नाही एवढ्यावरून पिंप शाबूत आहे असेही म्हणता येत नाही.

खरी उकल प्लुटोनियमच्या नोंदींत आहे. चाचण्यांच्या धुळीत प्लुटोनियम-२३८ आणि प्लुटोनियम-२३९ व २४० यांच्या बेरजेचे गुणोत्तर साधारण ०.०३ असते. अणुभट्टीच्या जळालेल्या इंधनातून आलेल्या कचऱ्यात हे गुणोत्तर बरेच मोठे असते. त्यामुळे तळाजवळच्या पाण्यात प्लुटोनियम-२३८ चा वाटा नेहमीपेक्षा वाढलेला आढळला, तर तो आकाशातून पडलेला नसून शेजारच्या पिंपातून आलेला आहे, असा अंदाज सबळ होतो. अटलांटिकच्या या क्षेत्रांत नेमके हेच आढळले आहे. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी झालेल्या ऑस्पार कराराच्या २०१० च्या स्थिती-अहवालात, कचरा टाकलेल्या जागांवरच्या पाण्यातील प्लुटोनियम-२३८ चे वाढलेले प्रमाण गळतीकडे बोट दाखवते, असे स्पष्ट नोंदवलेले आहे. प्रमाण अल्प आहे, माणसाला त्यातून पोहोचणारी मात्रा नगण्य ठरवली गेली आहे, पण गळती आहे. दोन्ही समस्थानिकांच्या नोंदी उतरवून घेऊन हे गुणोत्तर विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काढता येते. मोफत सेवेकडून याहून मोठी अपेक्षा मी करणार नाही.

आता सावधगिरीचे मुद्दे. उतरवून घेतलेल्या तक्त्यात काही मूल्यांसोबत ‘पेक्षा कमी’ असे चिन्ह असते. याचा अर्थ उपकरणाला काही आढळले नाही आणि आढळले असते तर किमान किती असावे लागले असते, ती शोधमर्यादा तेवढी लिहिली आहे. घाईत तक्ता उघडून सरासरी काढणारा माणूस हे चिन्ह गाळतो, मग न सापडलेला पदार्थ सापडल्यासारखा दिसतो आणि त्यावर आलेखही काढले जातात. शोधमर्यादा उपकरणागणिक आणि नमुन्याच्या आकारागणिक बदलते, म्हणून १९८० च्या दशकातील ‘आढळले नाही’ आणि आजचे ‘आढळले नाही’ ही दोन विधाने समान वजनाची नाहीत. दुसरी अडचण एककांची. पाण्याचे प्रमाण घनमीटरमागे किंवा लिटरमागे, गाळाचे कोरड्या वजनामागे, माशाचे कधी ओल्या तर कधी कोरड्या वजनामागे दिलेले असते. सुकवल्यावर माशाचे वजन बरेच घटते, त्यामुळे तोच मासा कोरड्या वजनाच्या हिशेबात कितीतरी पट अधिक किरणोत्सारी भासतो. सेवा ही सगळी माहिती देते, परंतु ती वाचण्याची शिस्त वापरणाऱ्याकडे आहे असे गृहीत धरते. शालेय विद्यार्थी किंवा सामान्य वाचक यांच्यासाठी या दोन गोष्टी उदाहरणासह समजावणारे पान अगदी दर्शनी भागी असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

एकेका आकड्यामागे किती श्रम असतात हेही त्या तक्त्यात दिसत नाही. चार हजार मीटर खोलीवरचे पाणी आणायचे तर जहाज एका जागी धरून ठेवावे लागते आणि दोन्ही टोके उघडी असलेल्या बाटल्या केबलवरून खाली सोडून ठरलेल्या खोलीवर बंद कराव्या लागतात. एवढ्या खोलीवर सिझियमचे प्रमाण इतके विरळ असते की थोड्याथोडक्या पाण्याने भागत नाही. मोठ्या प्रमाणात पाणी घेऊन त्यातील सिझियम अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेटसारख्या संयुगावर गोळा करावे लागते आणि मग ती पिवळी भुकटी शिशाच्या कवचातील जर्मेनियम शोधकासमोर, प्रसंगी एक दिवसाहून अधिक काळ, ठेवून मोजावी लागते. वैश्विक किरणांचा अडथळा टाळण्यासाठी मोनॅकोच्या संस्थेने भूमिगत मोजणी-प्रयोगशाळाच उभारली आहे. एका देशाच्या प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशेजारी ठेवता यावा यासाठी ही संस्था प्रमाणित नमुने तयार करते. आयएईए-३८५ या नावाने ओळखला जाणारा आयरिश समुद्राचा गाळ त्यांपैकीच एक. सर्वांनी तोच गाळ मोजायचा आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. ‘मॅरिस’मधील आकड्यांना जे वजन आहे, ते या न दिसणाऱ्या कामामुळे आहे.

सेवेची खरी मर्यादा मात्र तिच्या हातातली नाही. ज्यांनी मोजले त्यांनी आकडे दिले तर येथे दिसणार. जेथे कोणी मोजलेच नाही, तेथे नकाशा कोरा राहणार. ही खतावणी आहे आणि खतावणीत व्यवहार लिहिले जातात, घडवले जात नाहीत. अटलांटिकच्या त्या क्षेत्रासाठी १९८१ साली अनेक देशांचा एक समन्वित संशोधन आणि देखरेख कार्यक्रम सुरू झाला आणि १९९५ साली तो संपला. त्यानंतर इतक्या देशांनी मिळून चालवलेली नियमित देखरेख तेथे राहिली नाही. याउलट फुकुशिमाजवळचा समुद्र, आयरिश समुद्र, बाल्टिक समुद्र येथील मोजणी दाट आहे, कारण तेथे अपघात, किनाऱ्यावरचे जळालेल्या इंधनाचे पुनर्प्रक्रिया प्रकल्प किंवा चेर्नोबिलच्या अपघातानंतरचा किरणोत्सारी पाऊस यांमुळे लोकांचे लक्ष राहिले. ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमातील प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडले जाऊ लागल्यावर तेथील मोजणीचे प्रमाण आणखी वाढले. ते योग्यच आहे. परंतु खोल समुद्रातील पिंपांकडे कोणाचे नियमित लक्ष नाही आणि गंज लागण्याचा काळ तर आता पुढे येतो आहे, ही विसंगती मला मनापासून अस्वस्थ करते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. त्यापुढे चौदा वर्षांचा कार्यक्रम फारच तोकडा पडतो.

ही पोकळी भरण्याचा एक गंभीर प्रयत्न २०२५ च्या उन्हाळ्यात झाला. फ्रान्सच्या ‘नॉडसम’ मोहिमेत ‘लातालांत’ हे जहाज ब्रेस्टहून निघाले आणि सहा हजार मीटरपर्यंत जाऊ शकणारे ‘यूलिक्स’ हे स्वयंचलित पाणयान सोबत होते. सोनारने १६३ चौरस किलोमीटर तळाचा नकाशा करून या मोहिमेने ३,३५५ पिंपांची जागा निश्चित केली. छायाचित्रांत काही पिंपे बऱ्यापैकी शाबूत, काही चेपलेली, काही गंजून गेलेली दिसली. काहींवर समुद्रफुलांनी घर केलेले होते आणि काहींमधून कसला तरी पदार्थ बाहेर आलेला होता, बहुधा डांबर. जहाजावरच केलेल्या प्राथमिक मोजणीत किरणोत्सार परिसरातील नेहमीच्या पातळीइतकाच आढळला. दोन लाखांतील साडेतीन हजारही नव्हेत, ही एवढीच पिंपे नेमकी कोठे आहेत हे कळायला शेवटचे पिंप टाकल्यानंतर चार दशके जावी लागली, ही वस्तुस्थिती या क्षेत्राच्या देखरेखीबद्दल पुष्कळ काही सांगते. अशा मोहिमांतील पाणी, गाळ आणि मासे यांच्या प्रयोगशाळेतील सविस्तर मोजणीचे आकडे खुल्या डेटाबेसमध्ये लवकरात लवकर यावेत, ही माझी सर्वांत मोठी अपेक्षा आहे. शोधनिबंधाच्या परिशिष्टात अडकलेला आकडा नकाशावर दिसत नाही आणि नकाशावर न दिसणारा आकडा सामान्य वाचकापुरता नसल्यासारखाच असतो.

पिंपांची जागाच ठाऊक नसणे ही तक्रार केवळ अटलांटिकची नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांच्या परिसरात १९४६ ते १९७० या काळात सुमारे ४७,८०० पिंपे टाकली गेली. ठरवून दिलेल्या जागा होत्या, परंतु वादळी हवेत जहाजे कित्येकदा तेथवर गेलीच नाहीत आणि पिंपे जवळपास १,४०० चौरस किलोमीटरांवर विखुरली. अशा ठिकाणी एखाद-दुसरा नमुना स्वच्छ आला म्हणून सगळा परिसर स्वच्छ मानणे धाडसाचे ठरेल, कारण नमुना पिंपापासून किती अंतरावर घेतला यावर सारे अवलंबून असते. याचे बोलके उदाहरण नॉर्वेजियन समुद्रातले आहे. तेथे बुडालेली सोव्हिएत पाणबुडी ‘कोम्सोमोलेत्स’ हा टाकून दिलेला कचरा नव्हे, १९८९ सालच्या अपघाताचा तो अवशेष आहे, पण मोजणीचा धडा तोच आहे. २०१९ साली दूरनियंत्रित यानाने १,६८० मीटर खोलीवर तिच्या हवा बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशीच नमुने घेतले, तेव्हा एका नमुन्यात लिटरमागे ८०० बेकरेल सिझियम निघाले. त्या समुद्रात नेहमीचे प्रमाण लिटरमागे सुमारे ०.००१ बेकरेल असते. नळीपासून थोडे वर घेतलेल्या नमुन्यांत वाढ दिसली नाही. एवढ्याशा अंतराने आठ लाख पटींचा फरक पडतो. ‘मॅरिस’मध्ये अक्षांश-रेखांश आणि खोली असतेच. स्रोतापासूनचे अंतर जेथे ठाऊक आहे, तेथे तेही ठळकपणे दाखवण्याची सोय झाली, तर या सेवेचे मोल दुप्पट होईल.

आपल्याकडच्या वाचकासाठी दोन शब्द. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि त्याच्या परिसरातील पाणी, गाळ, मासे यांची मोजणी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते. तो विषय किनाऱ्यावरून होणाऱ्या नियंत्रित विसर्गाचा आहे, समुद्रात टाकलेल्या पिंपांचा नव्हे, आणि दोहोंची गल्लत करू नये. मात्र अरबी समुद्रातील मूळ पातळी किती, बोंबील आणि कोळंबी यांत नैसर्गिक पोलोनियम-२१० किती असते, या प्रश्नांना हात घालू इच्छिणाऱ्या पालघर वा रत्नागिरीच्या महाविद्यालयाला शोधाची पद्धत शिकण्यासाठी हीच सेवा उपयोगी आहे. पैसे लागत नाहीत, साधा संगणक आणि इंटरनेट पुरते आणि थोडे इंग्रजी मात्र यावे लागते.

सेवेला मी पाचापैकी चार गुण देतो. पारदर्शकता आणि मूळ संदर्भांची शिस्त यांसाठी पूर्ण गुण. एक गुण कापतो तो सामान्य वाचकाला शोधमर्यादा आणि एकके हाताला धरून शिकवण्याची सोय कमी पडते म्हणून. रिकाम्या जागांसाठी मी गुण कापलेले नाहीत, कारण तो दोष कचरा टाकून नंतर मोजणी थांबवणाऱ्या सरकारांचा आहे.

या नोंदवहीची पुढची परीक्षा बहुधा आर्क्टिकमध्ये होईल. सोव्हिएत संघाने कारा समुद्रात आणि नोवाया झेम्ल्या बेटांच्या फिओर्डांमध्ये (कड्यांमधल्या अरुंद खाड्यांमध्ये) सुमारे १७ हजार पिंपांखेरीज १६ अणुभट्ट्या टाकल्या. त्यांपैकी सहांमध्ये इंधन तसेच होते. ही माहिती १९९३ साली रशियाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालातून जगासमोर आली. के-२७ ही अख्खी पाणबुडी स्तेपोवोय फिओर्डमध्ये अवघ्या ३० मीटरांच्या आसपास पाण्यात आहे. रशिया आणि नॉर्वे यांच्या संयुक्त मोहिमांनी १९९० च्या दशकात आणि पुन्हा २०१२ साली तेथील पाणी व गाळ तपासला. फिओर्डच्या आतल्या भागात कचऱ्याच्या पिंपांमधून झिरपलेले सिझियम गाळात आढळले, परंतु पाणबुडीच्या भट्ट्यांतून गळतीची खूण मिळाली नाही. २०२० साली रशियाच्या रोसातोम या अणुऊर्जा महामंडळाने के-२७ सह काही धोकादायक वस्तू वर काढण्याची योजना जाहीर केली. ते काम होईल तेव्हा तळाचा गाळ ढवळला जाणार आणि आधीचे प्रमाण किती होते याचा पुरावा म्हणून त्या जुन्या नमुन्यांचेच आकडे काढून पाहावे लागतील.